परक्याचं सुतक

"मला सुतक हाय," भानूबाय म्हणाल्या आणि आमच्या गाळ्याच्या पायरीवरच थांबल्या. आत आल्या नाहीत.

मला नोकरीला लागून दोन-तीन आठवडेच झाले होते. ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे अशांचे फोन घ्यायचे आणि आमच्या ब्युरोतली एखादी बाई त्यांच्याकडे पाठवायची, एवढंच माझं काम. त्या सकाळी नायगावहून फोन आला होता. घर चांगलं वाटत होतं. अर्नाळ्याची भानू कालच मोकळी झाली आहे, ती आली की ही केस तिला दे, असं सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. म्हणून मी मोठ्या उत्साहाने पत्ता सांगायला सुरुवात केली होती.

"अरेरे," मी म्हणाले. "घरात कोण गेलं?"

"घरात नाय, केसमधी. पारनाक्याचे आजोबा गेले ना काल."

"पण ते तुमचे कोण?"

"कोन नाय."

"मग सुतक कसं लागेल?"

आमच्या मंडणगडकडच्या गावात सुतकाचा हिशेब फार कडक. कोणाचं दहा दिवस, कोणाचं तीन, लेकीला किती, जावयाला किती, हे मला लहानपणापासून पाठ. शिवाय आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगायची संधी मी सोडत नसे. मी तिथल्या तिथे भानूबायंना समजावलं की सुतक रक्ताच्या नात्याला असतं, भावकीला असतं, पेशंटचं नसतं.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुजं बरोबर हाय, बाय," त्या म्हणाल्या. "पन त्यांचं अंग मी पुसायची. काल शेवटचं पन मीच पुसलं. आता तीन दिवस मी दुसऱ्या मानसाला हात लावत नाय." आणि छत्री काखेत मारून अर्नाळ्याची एस.टी. पकडायला निघून गेल्या.

आतून म्हापणकर सिस्टरचा आवाज आला, "तिचं ते तसंच आहे. चौथ्या दिवशी येईल. नायगावला दुसरी कोणी बघ."

सिस्टर म्हणजे आमच्या मालकीण. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. त्या वर्षांत वसईत जिकडेतिकडे नवीन बिल्डिंगी उठत होत्या. दादर-परळच्या खोल्या विकून माणसं इथे येत होती. मुलगा-सून सकाळी मुंबईला जायची ती रात्री परतायची, आणि मधल्या वेळात नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये म्हातारी माणसं एकटी असायची. त्यातलं कोणी पडलं, कोणाला लकवा झाला, की आमचा फोन वाजायचा. ब्युरोत तीस-पस्तीस बायका होत्या. सकाळी आठ ते रात्री आठ ही डे ड्युटी, उरलेली नाइट. पेशंटला सगळ्याजणी 'केस' म्हणायच्या. पेशंट गेला, म्हणजे केस संपली.

भानूबाय या सगळ्यांत जुन्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. साडी घोट्यापासून चार बोटं वर. वय विचारलं तर "सिस्टरपेक्षा कमी" एवढंच सांगायच्या. त्यांच्या संसाराची हकिकत मला शेवटपर्यंत पुरती कळली नाही. सासू दोन वर्षं अंथरुणात होती, तिचं त्यांनी एकटीने केलं आणि ते बघून गावच्या डॉक्टरने त्यांना सिस्टरकडे पाठवलं, इतकंच कानावर होतं. तोंडाने मात्र त्या फटकळ होत्या. मला त्या 'आमची बी.ए.' म्हणायच्या, आणि त्यात अर्धी थट्टा आणि अर्धा अभिमान असायचा.

एकदा त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बी.ए., फोनवर तू काय विचारतेस?"

"पेशंटचं वय, आजार, पत्ता, कधीपासून बाई पाहिजे."

"आनि बाईचं काय विचारतेस?"

बाईचं मी काहीच विचारत नव्हते. मग त्यांनी मला तीन प्रश्न शिकवले. बाईला बसायला खुर्ची आहे का? संडास घरातला वापरू देणार का? आणि डबा कुठे बसून खायचा? प्रत्येक प्रश्नामागे त्यांनी सोसलेलं एकेक घर होतं. एका घरात त्यांना वॉचमनचा संडास वापरायला सांगितलं होतं. चौथ्या मजल्यावरून खाली जाऊन वर येईपर्यंत पेशंट एकटा. म्हणून त्या दुपारपर्यंत पाणीच पीत नसत. एका बिल्डिंगमध्ये मासळीचा डबा घरात उघडलेला चालत नसे, म्हणून सहा महिने त्या जिन्यात बसून जेवल्या. "जिन्यात वारा बरा यायचा," एवढीच त्यावर त्यांची टिप्पणी.

मी पहिल्यांदा हे प्रश्न विचारले तेव्हा भानूबाय समोरच बसल्या होत्या. पलीकडचे गृहस्थ ओरडले, "खुर्ची? आम्ही बाई मागतोय की पाहुणी?" भानूबायंनी बोटाने खूण केली, पुढचं विचार. मी विचारलं. संडासाच्या प्रश्नाला गृहस्थांनी फोन ठेवला. मला वाटलं, आता केस गेली आणि माझी नोकरीही. पाच मिनिटांनी त्यांच्या बायकोचा फोन आला, सगळं आहे म्हणाली, फक्त बाई लवकर पाठवा.

"बग," भानूबाय म्हणाल्या, "बायकोला ठावं असतं. कूस तिला बदलायला लागते."

पोळ्यांची गोष्टही त्यांनीच सांगितली. एका घरी सूनबाई ऑफिसला निघता निघता गोड आवाजात म्हणाल्या, "भानूताई, आई झोपल्या की जरा दहा-बारा पोळ्या लाटून ठेवाल? तुम्ही काय, आता घरच्याच." भानूबाय म्हणाल्या, "चालेल की. मी घरची ना? मंग दुपारी मी झोपते, तुमी सासूबाईंकडे बगा." पोळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. "घरचीच हाय असं कोनी बोललं ना, की समजायचं, काम वाढलं," असं त्या नव्या मुलींना सांगत.

अशी ही व्यवहाराला चोख बाई परक्यांचं सुतक का धरते, हे मला कोडंच होतं. ते सुटलं अर्नाळ्याला.

आगाशीची एक बाई घरच्या पेशंटसाठी त्यांनाच मागत होती. भानूबाय सुतकात होत्या, तरी सिस्टरनी मला त्यांच्या घरी पाठवलं. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील टांगलेले, समोर किल्ल्याचं बेट. भानूबाय पडवीत चटईवर झोपल्या होत्या, भर दुपारी. त्यांचे दीर जाळं दुरुस्त करत बसले होते. मी ब्युरोची म्हटल्यावर त्यांनी तक्रारच मांडली.

"बगा मॅडम, तुमच्या पेशंटचं सुतक आमच्या घरात आनते. आमी बोट दर्यात न्यायची का नाय?"

भानूबाय जाग्या झाल्या होत्या. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "तुला कुटं लागलंय? मला एकटीला हाय."

"एकटीला कंदी लागतं काय सुतक?"

"मला लागतं."

जाऊबाईंनी वेगळ्या ताटात भात आणि कालवण आणून लांबूनच ठेवलं. "जेवा, रानीसाहेब," म्हणाल्या, आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगू लागल्या, "पहिल्या दिवशी लय वाईट असतंय. झोपेत उठते, उशीलाच कुशीवर फिरवते. 'पानी पायजे?' म्हनून विचारते. समोर कोन नाय. तिसऱ्या दिवशी जरा बरी होते."

जेवून हात धुतल्यावर भानूबाय माझ्याशी बोलल्या. पूर्वी त्या लगेच जायच्या, आज एक केस संपली की उद्या दुसरी. एकदा असंच झालं. एक आजी वारल्या, आणि दुसऱ्या सकाळी त्या दुसऱ्या आजींकडे रुजू झाल्या. दिवसभर नव्या आजींना जुन्यांच्या नावाने हाक मारत राहिल्या.

"आनि त्या बिचाऱ्या ओ देत होत्या," भानूबाय हसल्या. मग हसू गेलं. "पयल्या आजींना चहात दोन चमचे साखर लागायची. नव्यांना साखरेचा आजार. मला सांगितलेलं, मला ठावं पन होतं. पन हातानं दोन चमचेच टाकले. दुपारी पन, संध्याकाळी पन. रात्री आजींच्या तोंडाला कोरड पडली, ग्लानी आली. डॉक्टर आला, वाचल्या. कोनाला कळलं नाय कशानं झालं. मला कळलं ना." त्यांनी चटईची कड सरळ केली. "एक मानूस हातातनं उतरलं नाय तवर दुसरं घेऊ नये. त्या दिवसापासनं मी सुतक धरते."

"मग सिस्टरना तसं सरळ सांगा ना, की थकवा येतो, थोडे दिवस सुट्टी पाहिजे."

"दमले म्हटलं तर कोन सोडनार, बाय? दमतात सगळ्याच. सुतक म्हटलं की कोन हात धरून नेत नाय."

मी आगाशीच्या बाईंना दुसरी बाई पाठवली.

हळूहळू ब्युरोतल्या बाकीच्या बायकाही पेशंट गेला की "मला पन सुतक" म्हणू लागल्या. सिस्टर वैतागल्या. एक दिवस सांडोरची फिलूबाय आली. ती ख्रिस्ती. म्हणाली, "आमच्यात सुतक नाय, सिस्टर. पन सातव्या दिवशी गेलेल्याच्या नावानं चर्चमधी मिस्सा असते. तवर मला पन केस नको."

"फिलू, तुझा पेशंट गुजराती होता."

"मग? मिस्सा त्यांच्या नावानं ठेवली मी. फादरनी नाव विचारलं, सांगितलं शांतिलाल. जरा थांबले, मग लिहून घेतलं."

आम्ही सगळ्या हसलो. सिस्टरही हसल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून ठणकावलं. पेशंट गेला की दुसऱ्या सकाळी नव्या केसवर हजर व्हायचं. जी येणार नाही तिचं नाव ब्युरोतून कमी होईल. "वॉर्डात एक बॉडी बाहेर गेली की त्याच खाटेवर नवी चादर घालून आम्ही पुढचा पेशंट घ्यायचो," त्या म्हणाल्या. "आम्हाला कोणी दिलं सुतक? तुमची ना कोणाशी सोयर, ना सुतक. तुमची ड्युटी."

भानूबाय तिथे नव्हत्या. त्या लेले आजींकडे होत्या.

लेले आजींची केस भानूबायंनी जवळजवळ तीन वर्षं केली. आजींचं डावं अंग गेलेलं होतं, जीभ मात्र शाबूत. मुलगा अविनाश आणि सून सुनंदा दोघंही मुंबईला नोकरीला. दिवसभर घरात या दोघीच, आणि दोघीही तोंडाळ. मी अधूनमधून चौकशीला जायचे तर बाहेर जिन्यापर्यंत भांडण ऐकू यायचं.

"भानू, तू कसाई आहेस. हळू धर!"

"हळू धरलं तर पडाल. मंग मला पुलिस धरतील."

"पाणी किती गार आहे हे!"

"टँकर तीन दिवसांनी आलाय. अर्ध्या बादलीत तुमचं स्पंज करते, आनि तुमाला गरम पायजे?"

"माझ्या देवांना हात नाही ना लावलास?"

"तुमचे देव मला घाबरतात, आजी. लांबनंच नमस्कार करते."

पहिल्या महिन्यात आजींनी त्यांचा कप वेगळा ठेवायला लावला होता. वर्षभराने तो कप फुटला आणि नवा वेगळा कप कोणी आणला नाही, आजींनीही विचारलं नाही. दुपारी आजी झोपेनात तेव्हा भानूबाय त्यांना अर्नाळ्याच्या बातम्या सांगत. कोणाची बोट कुठे लागली, कोणाच्या पोरीने कोणाशी लग्न केलं. आजींनी आयुष्यात बोंबील खाल्ला नव्हता, पण तो किती दिवस वाळवायचा याची त्यांना पूर्ण माहिती झाली होती.

एकदा मी बसले असताना आजींनीच सुतकाचा विषय काढला.

"ए भानू, तू म्हणे पेशंटचं सुतक धरतेस. तुला माझं लागत नाही हं. मी ब्राह्मण, तू कोळीण."

"लागत नसंल तर नसंल. मी धरते."

"किती दिवस धरशील?"

"तीन."

"तीनच?" आजी खरोखर रागावल्या. "तीन वर्षं माझी हाडं खिळखिळी केलीस आणि तीनच दिवस?"

"सगळ्यांना सारखं, आजी. पारनाक्याच्या आजोबांना पन तीनच धरले."

"त्या मेल्याची आणि माझी बरोबरी?"

"ते मेल्यावरच धरले ना." आणि मग दोघी इतक्या हसल्या की आजींना ठसका लागला. भानूबायंनी त्यांना उठवून बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, ठसका थांबल्यावरही बराच वेळ.

आजी गेल्या त्या दुपारी फोन मीच घेतला.

"बी.ए.," भानूबायंचा आवाज अगदी साधा होता. "लेले आजी गेल्या. डॉक्टर येऊन गेला. अविनाशभाऊंना कळवलंय, ते निघालेत. अंग पुसून ठेवलंय. ते आले की मी निघते."

सिस्टरनी माझ्या हातातून फोन घेतला. नालासोपाऱ्याच्या एका पेशंटला त्यांनी दुसऱ्या सकाळपासून बाई द्यायचं कबूल केलं होतं. माणूस वजनदार, खुब्याचं हाड मोडलेलं. अशा माणसाला उचलणारी मोकळी बाई दुसरी नव्हती. "भानू, वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण उद्या आठला नालासोपाऱ्याला जायचंय. नियम मी सगळ्यांना सांगितलाय. तुला सोडलं तर उद्या कोणी माझं ऐकणार नाही. आली नाहीस, तर परत येऊ नकोस."

पलीकडून भानूबाय काय म्हणाल्या मला ऐकू आलं नाही. सिस्टरनी फोन ठेवला. "बरं म्हणाली," त्या मला म्हणाल्या. पण त्या 'बरं'चा अर्थ त्यांनाही लागला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी नालासोपाऱ्याहून फोन आला, बाई आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा आला. सिस्टर दाराकडे बघत होत्या. आता त्या भानूबायंचं नाव कमी करायला सांगणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ब्युरोतून नाव गेलं, तर त्या वयात त्यांना कोण कामावर ठेवणार होतं? पावसाळ्यात बोटी बंद असल्या की दिराच्या घरचा खर्च कोणाच्या कामावर चालायचा, ते मी अर्नाळ्याला बघून आले होते.

सिस्टर उठल्या. कपाटातून जुना पांढरा ॲप्रन काढला, पिशवीत टाकला, साडीचा पदर खोचला. "फोन सांभाळ," म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला. साठीच्या पुढच्या बाई. आम्हाला वाटलं, फक्त माफी मागायला गेल्या असतील. त्या रात्री आठनंतर परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, आणि तिसऱ्याही.

तिसऱ्या दिवशी मी गाळा बंद करायच्या बेतात असताना त्या आल्या आणि कमरेला हात लावून खुर्चीत बसल्या.

"बसायला खुर्ची आहे का, विचारलं होतंस ना तू त्यांना?"

"विचारलं होतं, सिस्टर. आहे म्हणाले."

"आहे. तिच्यावर टीव्ही ठेवलाय."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या होत्या.

"वॉर्डात एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "नऊ-दहा वर्षांची असेल. माझ्या ड्युटीत गेली. मी खाट रिकामी केली, चादर बदलली, पुढचा पेशंट घेतला, आणि मेसमध्ये जाऊन जेवले. काय भाजी होती ते आजही आठवतं. दुधीची. त्या मुलीचं नाव काही केल्या आठवत नाही. तीन दिवस आठवायचा प्रयत्न करतेय."

मी पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन त्यांचा आवाज पुन्हा मालकिणीचा झाला. "यापुढे कोणाची केस संपली, की तीन दिवस तिला नवी देऊ नकोस. सगळ्यांना तीन. फिलूलाही तीनच. सात नाही."

चौथ्या सकाळी भानूबाय आल्या. न्हालेल्या, केसांना तेल लावलेलं, पायरीवर न थांबता सरळ आत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कमरेच्या बटव्यातून त्यांनी ब्युरोचं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. "परत द्यायला आले, सिस्टर. राग नाय. तुमी तुमच्या जागी बरोबर."

सिस्टरनी मान वर केली नाही. "ते ठेव तुझ्याजवळ," म्हणाल्या. "आठ वाजून गेलेत. नालासोपाऱ्याला जा. आणि जाताना आतलं स्टूल घेऊन जा, तिथे बसायची पंचाईत आहे."

भानूबायंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल आणून दिलं. ओळखपत्र पुन्हा बटव्यात गेलं. स्टूल डोक्यावर घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या.

आजींच्या तेराव्याला अविनाशनी मला आणि भानूबायंना जेवायला बोलावलं होतं. भानूबाय ड्युटी आटोपून, रात्री उशिराच आल्या. सुनंदावहिनींनी त्यांना आपल्या शेजारी बसवून वाढलं. जेवणं झाल्यावर अविनाश म्हणाले, "भानूताई, तुम्ही तीनच दिवस धरलेत असं कळलं. आम्ही दहा धरले. तुम्हीही दहा धरायला हवे होते. आईचं आमच्यापेक्षा जास्त तुम्ही केलंत. तुम्ही घरच्याच."

ते अगदी मनापासून बोलत होते, त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाय, अविनाशभाऊ," त्या हळू म्हणाल्या. "तुमचे दहा, माझे तीन. आजींशी तसंच ठरलेलं. मी घरची नाय. घरच्यांना करावंच लागतं. मी कामाला आलेली. काम चांगलं केलं, आजी पन तसं बोलायच्या, भांडताना सुद्धा. म्हनून तीन धरले. ते माझे."

मला वाटलं, अविनाश दुखावतील. ते उठले आणि भानूबायंच्या पाया पडले. त्या गडबडून बाजूला झाल्या. "अवो, हे काय? आजी वरनं ओरडतील!"

त्यानंतर वर्षभरात मी नोकरी सोडली. बी.एड.ला जायचा धीर मला होत नव्हता. घरून पैसे येण्यासारखे नव्हते आणि वयही वाढत होतं. भानूबायच मागे लागल्या होत्या. "फोन कोन पन घेईल," त्या म्हणायच्या. "तू बोलतेस ते मानूस ऐकतं. पोरांना शिकव." आज शाळेत वीस वर्षं शिकवते आहे, ते त्यांच्या त्या पिरपिरीमुळे. हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून शाळेत लागून चार-पाच वर्षं झाली तेव्हा मी एकदा अर्नाळ्याला गेले. शाळेला सुट्टी होती, दिवस साधा, बुधवार की गुरुवार. घरी जाऊबाई भेटल्या, म्हणाल्या, किनाऱ्यावर बगा.

बेटावर जाणाऱ्या बोटीपाशी भानूबाय उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, अंगावर नारिंगी साडी, बोटाला धरलेली दिराची पाच-सहा वर्षांची नात. कामाच्या दिवशी त्या इथे म्हणजे केस संपलेली, हे मी ओळखलं. जवळ जाऊन मी तोंड पाडूनच विचारलं, "भानूबाय, कोण गेलं?"

"अगो बी.ए.!" त्यांनी मला मिठीच मारली. "कोन नाय गेलं. विरारचा पोरगा होता, बाइकवरनं पडलेला. आठ महिने केलं मी त्याचं. चालायला लागला! परवा मला जिन्यापर्यंत सोडायला आला. हात धरायला गेले तर म्हनतो, मावशी, सोडा, मी जातो."

"वा! मग सुतक कसलं?"

"सुतक कसलं? जिता हाय तो, चांगला पाव खातोय. रजा हाय माझी."

"आणि सिस्टर काय म्हणाल्या?"

"विचारलं ना त्यांनी पन, कोन गेलं म्हनून. मी बोलले, कोन नाय गेलं, सिस्टर. मी दमले."

"मग?"

"मंग काय? 'बरं' म्हनाल्या."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. समोर बेटाकडे हात करून त्या म्हणाल्या, रोज सकाळी दार उघडलं की हा किल्ला दिसतो, पण नुसतं फिरायला म्हणून कधी गेले नाय. मला सांगायचं होतं ते मी घाईघाईत सांगून टाकलं. त्यांनी "बरं, बरं" म्हणून माझ्या गालावरून खरखरीत हात फिरवला. बोटवाला हाका मारत होता. नातीला आधी चढवून मग त्या चढल्या आणि अगदी पुढे, उन्हात जाऊन बसल्या.

बोट ढकलली गेली. इंजिनाने जोर धरला तशा भानूबाय मागे वळून बोटवाल्यावर ओरडल्या, "सावकाश ने रे! मला आज कुटं पोचायचं नाय."